दोनशे अठ्ठावीस

"साहेब, हात घालून बघा, म्हंजे कळंल," ती म्हणाली आणि तिनं पिल्लांच्या हीटरवरची पत्र्याची छत्री एका बाजूनं उचलून धरली.

मी हात घातला. आतली कॉइल चालू होती, पण लाल झालेली नव्हती. नुसती काळपट तांबूस दिसत होती. खाली भाताच्या तुसावर पिवळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून बसली होती आणि सगळी मिळून चिवचिवत होती. ढिगाबाहेर पडलेल्या दोन-तीन पिल्लांचा आवाज नव्हता. तिनं ती ओंजळीत उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"ही आज सकाळची. कालची पुरली. थंडीनं मरत्यात, साहेब. खाऊन-पिऊन मरत्यात."

वैजयंता शिंगटे तिचं नाव. सावरखिंडच्या आप्पा शिंगट्यांची धाकटी सून. मी त्या तालुक्याच्या वीज कार्यालयात नुकताच कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो होतो. नोकरी नवी, बूट नवे, आणि सगळं जग आपल्या मीटरनं मोजता येईल अशी खात्री. तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. 'विभवांतर अत्यंत कमी असल्याकारणाने पिल्लांना पुरेशी उष्णता मिळत नाही, तरी मेहेरबानांनी लक्ष घालावे.' आमच्याकडे 'लाईट लई बारीक हाय' असं सांगणारे रोज यायचे. व्होल्टेजला विभवांतर म्हणणारं पहिल्यांदाच कोणी भेटत होतं. खरं सांगायचं तर पिल्लांपेक्षा तो शब्द लिहिणारी बाई बघायला मी गेलो होतो.

सावरखिंड म्हणजे आमच्या लाईनचं अगदी शेवटचं टोक. वाटेत दहा गावांच्या विहिरींवरच्या मोटारी वीज ओढून घ्यायच्या आणि उरलासुरला प्रवाह धापा टाकत खिंडीखाली पोचायचा. मी मीटर लावला. एकशे साठ व्होल्ट. मग करंट मोजायचा चिमटा वायरीभोवती धरला. तीन अँपिअर.

"दहावी झालात ना? काढा रोध," मी गमतीनं म्हणालो.

"विभवांतर भागिले विद्युतधारा." तिनं डोळे मिटले. "एकशे साठ भागिले तीन. त्रेपन्न."

"आणि शक्ती?"

"गुणायचं. चारशे ऐंशी वॅट." तिनं डोळे उघडले आणि छत्रीवरच्या चिकटवलेल्या कागदाकडं बोट केलं. "पन हितं तर हजार लिवलंय."

"ते दोनशे तीस व्होल्टला."

मला वाटलं, झालं, आता ती मान डोलावेल आणि साहेब हुशार आहेत म्हणेल. पण तिच्या कपाळावर आठी होती.

"दोनशे तिसाचं एकशे साठ झालं, म्हंजे तिसऱ्या हिश्श्यानं कमी. मग ऊब पन तिसऱ्या हिश्श्यानंच कमी व्हाया पायजे. ही निम्म्याच्या खाली कशी गेली?"

हा प्रश्न मला डिप्लोमाच्या वर्गात कोणी विचारल्याचं आठवत नव्हतं. मी खूश झालो. खडू नव्हता म्हणून कोळशानं शेडच्या भिंतीवर लिहून दाखवलं. कॉइल तीच, म्हणून रोध तोच. व्होल्टेज कमी झालं की त्यातून जाणारा करंटही तेवढाच कमी होतो. आणि ऊब म्हणजे दोघांचा गुणाकार. त्यामुळं तोटा एकदा नाही, दोनदा लागतो.

"दोनीकडनं मार," ती म्हणाली.

"अगदी बरोबर."

शेडच्या दारात आप्पा उभे होते. उंच, वाळकं माणूस, खांद्यावर घोंगडी. ते आमचा हिशोब ऐकत होते की मी कधी निघतो याची वाट बघत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"साहेब, तिला गनित येतंय, पन पिल्लं मरायची ती मरत्यातच," ते म्हणाले. "मी तिला सांगितलंय, ही एक खेप. एवढी जगवून दावली तर शेड तुझी आन् धंदा तुझा. संपतला म्हमईवरनं बोलवून घ्यायचा, दोघांनी मिळून करायचं. न्हाई जगली तर शेडात शेळ्या. मग पुन्हा कोंबडीचं नाव घरात काढायचं न्हाई."

वैजयंतानं पदर डोक्यावरून सारखा केला आणि ढिगातली पिल्लं हातानं अलग करायला लागली. संपत म्हणजे तिचा नवरा. मुंबईत कुठल्याशा गोदीत ओझी उचलत होता आणि लग्न झाल्यापासून दिवाळी आणि यात्रा एवढ्यापुरताच घरी आलेला. एवढं मला तिच्या सासूनं चहा देताना सांगितलं.

आता इथून निघून जायचं आणि वर अहवाल पाठवायचा, हे नियमाला धरून होतं. पण मला त्या बाईसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं. कमी व्होल्टेजच्या गावांत लोक एक गोष्ट सर्रास करतात, ती मी केली. कॉइल छोटी केली. रोध निम्म्यावर आणला की त्याच एकशे साठ व्होल्टवर करंट दुप्पट वाहतो. मी पक्कडीनं कॉइलचे निम्म्याहून जरा जास्तच वेढे कापून टाकले आणि उरलेली ताणून चिनीमातीच्या खाचांत बसवली. फ्यूजमध्येही जाड तार घातली, नाहीतर तो वाढलेल्या करंटनं उडाला असता. बटण दाबलं. थोड्या वेळानं कॉइल आधी तांबूस झाली, मग लाल झाली, आणि छत्रीखाली हात धरवेना.

चिमट्यात सव्वासहा अँपिअर आले.

"एकशे साठ गुणिले सव्वासहा," ती लगेच म्हणाली. "हजार! बरोब्बर हजार!"

पिल्लांनी ढीग मोडला. आधी वरची खाली उतरली, मग हळूहळू सगळी छत्रीखाली पसरली आणि एक-दोन तर पाय ताणून आडवी झाली. मला वाटलं मेली. ती हसायला लागली.

"न्हाई वो साहेब, निजली. ऊब लागली की अशीच निजत्यात."

आप्पांनीसुद्धा जवळ येऊन वाकून बघितलं. मी रुमालानं हात पुसत होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो. तेव्हा तिनं विचारलं, "साहेब, आन् व्होल्टेज वाढलं तर?"

"तुमच्या गावात?" मी हसलो. "ताई, तुमच्या गावात व्होल्टेज वाढायचं म्हणजे आधी ही खिंड उचलून बाजूला ठेवावी लागेल."

आप्पा मोठ्यानं हसले. तीही हसली, पण प्रश्न तिनं सोडला नव्हता.

"न्हाई, पन वाढलंच तर?"

"वाढणार असेल तर आदल्या दिवशी मी स्वतः येऊन कॉइल बदलून देईन. मग तर झालं?"

"मग झालं," ती म्हणाली.

सावरखिंडीसाठी मंजूर झालेला ट्रान्सफॉर्मर तालुक्याच्या आवारात कधीचा पडून होता. खांब उभे होते, ताराही ओढलेल्या होत्या. अडलं होतं ते एवढ्यावरच, की उद्घाटनाला मोठ्या साहेबांची तारीख मिळत नव्हती आणि त्यांच्या हाताशिवाय गावाला उजेड द्यायचा म्हणजे त्यांचा अपमान. त्या दिवसानंतर मी हात धुऊन मागं लागलो. दोनदा जिल्ह्याला जाऊन आलो. साहेबांच्या सचिवाला त्याच्या आवडीचा कंदी पेढा नेऊन दिला. गावात किती मोटारी, किती घरं, गिरणी एक, असा सगळा भार मांडून त्याचा तक्ता केला. त्या तक्त्यात 'पिल्लांचा हीटर, एक, हजार वॅट' असंही माझ्याच हातानं लिहिलं. लिहिताना पेन अडखळलं नाही. हीटर हजारचा, म्हणजे हजार, एवढंच डोक्यात होतं. कापलेली कॉइल मी केव्हाच विसरून गेलो होतो. माझ्या मनात ती जगलेली पिल्लं होती, ती हसलेली बाई होती आणि आता उजळणारं गाव होतं. चांगलं काम करायच्या धुंदीत माणूस किती आंधळा होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तारीख मिळाली. दिवस ढगाळ होता आणि वारं बोचरं. नवी जोडणी करायची म्हणून सकाळपासून गावाची वीज बंद केली होती. दुपारी मी शिंगट्यांच्या वस्तीवर गेलो. शेड ओढ्याच्या पलीकडं, माळावर एकटी होती.

पिल्लं आता अंगानं भरली होती, पंखांवर पांढरी पिसं फुटायला लागली होती. वैजयंतानं छत्री नेहमीपेक्षा खाली उतरवून तुसाच्या अगदी जवळ आणली होती आणि वरून गोणपाट टाकले होते. पिल्लांभोवती पत्र्याचं गोल कुंपण होतं, तेही आत सरकवलं होतं.

"लाईट न्हाई ना, म्हनून," तिनं सांगितलं. "अंगाच्या उबंवर काढतील तवर. बटन चालूच ठिवलंय, वीज आली की लगीच गरम व्हईल."

"छान. आता चला."

"मी?" ती दचकली. "मी कशाला, साहेब? हितं कुनीतरी पायजे."

"ट्रान्सफॉर्मरला कुंकू लावायला सुवासिनी हवी. आणि मोठ्या साहेबांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. अर्ज कोणाचा होता ते त्यांना दाखवायचंय मला."

"आत्याबाईंना न्या की. त्यांला हौस हाय."

"आत्याबाई पण येऊ द्यात. पण तुम्ही हव्यातच."

ती पिल्लांकडं बघत उभी राहिली. आप्पा म्हणाले, "जा, साहेब एवढं म्हनत्यात तर. वीज आली की परत ये." ते स्वतःही फेटा बांधून तयारच होते. तिनं गोणपाट पुन्हा एकदा नीट सारखे केले, दाराला कडी घातली आणि आम्ही निघालो.

गावच्या चावडीपुढं मांडव होता. ट्रान्सफॉर्मरच्या दोन खांबांना केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. शाळेची पोरं ओळीनं उभी होती. खांबाच्या बुडाशी आमचे जुने लाईनमन हुसेन मुल्लाणी स्विचच्या दांड्याला हात लावून उभे होते. दांडा वर केला की वीज चालू, खाली ओढला की बंद. साहेबांनी दांड्याला हात लावायचा, जोर मुल्लाणींनी द्यायचा, असं ठरलं होतं.

वैजयंतानं कुंकू लावलं, ओवाळलं. मी साहेबांना म्हणालो, "सर, याच त्या." साहेब म्हणाले, "वा, वा." तिनं वाकून नमस्कार केला आणि ती बायकांत जाऊन उभी राहिली. नारळ फुटला. साहेबांनी दांड्याला बोटं टेकवली, मुल्लाणींनी तो वर ढकलला आणि वरून एक घुमता आवाज सुरू झाला.

मांडवातले दिवे लागले. नुसते लागले नाहीत, झगझगले. त्या गावानं बल्बची तार आजवर बघितली होती, उजेड असा बघितलाच नव्हता. पोरांनी आरडाओरडा केला. एका म्हातारीनं बल्बला हात जोडले. मी मीटर घेऊन खांबापाशी बसलो होतो. काटा सरसर चढला. माझ्या हातात लाउडस्पीकरचं बोंडकं होतं आणि मी त्यात ओरडलो, "दोनशे अठ्ठावीस! ग्रामस्थ हो, दोनशे अठ्ठावीस व्होल्ट!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्याही गळ्यात हार घातला. साहेबांनी बोंडकं घेतलं आणि भाषण सुरू केलं. मी हसतमुखानं गर्दीवरून नजर फिरवली.

सगळे टाळ्या वाजवत होते. वैजयंता वाजवत नव्हती. ती वरच्या बल्बकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती काय करतेय हे मला लगेच कळलं, कारण मी शिकवलं होतं. ती भागत होती, मग गुणत होती.

मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि बायकांना बाजूला सारत पुढं आली. आमच्यात सात-आठ हातांचं अंतर असेल. साहेबांचा आवाज कर्ण्यातून घुमत होता, पण ती ओरडलीच.

"साहेब, बंद करा! कॉइल! लाईट बंद करायला सांगा!"

मला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला.

आणि हिशोबही झाला. दोनशे अठ्ठावीस भागिले साडेपंचवीस, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. नऊ गुणिले दोनशे अठ्ठावीस. दोन हजारांच्या वर. छत्री खाली उतरवलेली, वर गोणपाट, खाली वाळलेलं तूस, आणि फ्यूज मीच जाड घातलेला. एवढं सगळं माझ्या डोक्यात इतक्या स्वच्छ उमटलं की पेपरातलं उदाहरण सोडवल्यावरसुद्धा तेवढं स्वच्छ कधी वाटलं नव्हतं.

मुल्लाणी दांड्यापाशीच उभे होते. त्यांनी तिला बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि भुवई वर करून विचारलं. मी नुसता हात खाली केला असता तरी त्यांनी दांडा ओढला असता.

साहेब म्हणत होते, "यापुढे सावरखिंडीत दिवा मिणमिणणार नाही. हा माझा शब्द आहे."

त्या शब्दावर अंधार करायचा. साहेबांच्या तोंडातलं वाक्य संपायच्या आत. आणि मग सगळ्या गावाला, पोरांना, साहेबांना सांगायचं, की एका बाईच्या कोंबड्यांसाठी बंद केलं, आणि तेही माझ्याच हातून कॉइल चुकीची झाली म्हणून. हे सगळं मी तेवढ्या क्षणात तोलून बघितलं. माझं पारडं जड झालं. ती धावत जाईल, मी मनाशी म्हणालो, ओढा काही लांब नाही, जाऊन बटण बंद करेल.

मी मुल्लाणींना मान हलवून नाही म्हटलं आणि साहेबांकडं तोंड फिरवून उभा राहिलो. पुन्हा तिकडं बघितलं तेव्हा ती तिथं नव्हती. चावडीमागच्या उतारावर तिच्या चपला पडल्या होत्या.

भाषण संपायला बराच वेळ लागला. नंतर आभार. मी आभार मानताना दोनदा अडखळलो आणि लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. माळावरून धूर दिसायला लागला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "शिंगट्यांच्यात काय पेटलं?" आणि मग गर्दी तिकडं पळाली. मीही पळालो. गळ्यात हार तसाच होता, तो ओढ्यापाशी कधीतरी पडला.

शेड उभी होती. आत पाणी, तूस आणि जळक्या गोणपाटाचा वास होता. तिनं मेन बटण बंद करून घागरीनं पाणी ओतलं होतं. दोन्ही हातांच्या बोटांवर फोड आले होते, कारण तापलेली छत्री तिनं हातानंच ओढून बाजूला केली होती. पिल्लं पत्र्याच्या कुंपणाला चिकटून थरावर थर पडली होती. छत्रीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढी गेली होती. पुढं पत्रा होता. भाजून मेलेली थोडी, धुरानं आणि चेंगरून मेलेली बाकीची. ती गुडघ्यावर बसून वरची उचलत होती आणि खालच्यांत काही हलतंय का बघत होती. जी हलत होती ती पदरात ठेवत होती. पदरात फार नव्हती.

आप्पा दारात थांबले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते हळू बोलले.

"पिल्लं टाकून मिरवायला गेलीस. झालं समाधान?"

"आप्पा," मी म्हणालो, "त्यांना मी नेलं."

"तुमी नेलंत, खरं. पन जीव कुनाचा आन् राखायचं कुनी, हे बाईमानसाला कळाया नगं?"

"आप्पा, ऐका. चूक माझी आहे. कॉइल मी कापली होती ती कमी व्होल्टेजसाठी. आता व्होल्टेज वाढलं, आणि ते दीडपट वाढलं तरी ऊब दुपटीच्या वर जाते. माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी आदल्या दिवशी येऊन बदलून देणार होतो."

मी भिंतीवरच्या कोळशाच्या आकड्यांकडं हात केला. तिथं जमलेल्या सगळ्यांनी त्या भिंतीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला राग हवा होता.

आप्पांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "साहेब, तुमी देवमानूस. आज गावाला उजेड दिला, आन् आमच्या घरचं पाप बी आपल्या अंगावर घेताय. असलं गनित आमाला कळत न्हाई. आमाला एवढंच कळतंय, चूल पेटवून कुनी घर सोडत न्हाई. ऊब कमी हुती का जास्त, जाग्यावर मानूस असतं तर बटन दाबलं असतं का न्हाई?"

"तसं नाही, आप्पा..."

"जाऊ द्या, साहेब. लई मोठं मन तुमचं." मागं कोणीतरी म्हणालंसुद्धा, "असा साहेब बघितला न्हाई."

त्या कोंडाळ्यात गणित समजणारं दुसरं एकच माणूस होतं. ती गुडघ्यावर बसूनच माझ्याकडं बघत होती. कॉइलचं मी सांगितलं, ते तिला माहीतच होतं. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. 'तिनं मला बंद करा म्हणून सांगितलं होतं. मी केलं नाही.' एवढंच वाक्य. त्याला गणित लागत नव्हतं. ते आप्पांना कळलं असतं, गर्दीतल्या पोरासोरांना कळलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं असं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. आलं नव्हतं. लोक मला मोठ्या मनाचा म्हणत होते आणि त्या घाणेरड्या धुरातही मला ते बरं वाटत होतं.

तिनं स्वतःही सांगितलं नाही. मान खाली घालून पुन्हा पिल्लं निवडायला लागली. "उद्याच्याला शेड धुऊन काढ," आप्पा म्हणाले. "परवा बाजारातनं शेळ्या आनतो. आन् संपतला कळवा, एवढ्यात यायची गरज न्हाई म्हनावं." सासूनं तोंडाला पदर लावला. वैजयंता एवढंच बोलली, "व्हय, मामंजी."

साहेबांच्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या. आमची जीप ओढ्याच्या अलीकडं उभी होती. मुल्लाणी मागं जाऊन बसले होते. मला बघून ते नुसते जरा सरकले. मी पुढं बसलो आणि चालकानं किल्ली फिरवली, तेवढ्यात ती ओढा ओलांडून येताना दिसली. हातांना तिनं ओलं फडकं गुंडाळलं होतं. पाय अजून अनवाणी होते.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा."

ती जीपच्या बाजूला उभी राहिली. मागं गावात सगळीकडं दिवे लागलेले होते आणि त्या उजेडात तिचा चेहरा चांगला दिसत होता. रडलेली नव्हती. मी मनाची तयारी केली. आता ती बोलेल, आणि बोलायलाच हवं, असं मला वाटलं. मला शिक्षा मिळणार म्हणून एकदम हलकंसुद्धा वाटलं.

"मगाशी मी म्हनलं... बंद करा म्हनून. कर्ना लई मोठा हुता." ती माझ्या तोंडाकडं नीट बघत होती. "तुमाला ऐकू आलं न्हवतं, व्हय?"

मुल्लाणी मागं होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही," मी म्हणालो. "भाषण चालू होतं ना. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

तिनं श्वास सोडला. धावायला लागल्यापासून कोंडून धरलेला असावा इतका मोठा. चेहरा सैल पडला, आणि मग तिला रडू फुटलं.

"तेच म्हनलं मी. तुमी बघितल्यासारखं वाटलं, म्हनून उगं डोक्यात काय बी आलं. तुमच्याबद्दल असं मनात आनलं, साहेब. माफ करा मला."

"असू द्या, ताई," मी म्हणालो.